काठावरची आई

सुट्टी मुलांची असते, हे मृण्मयीला मान्य होतं. पण रिकामं बसलेलं मूल म्हणजे तिला दारात वेडीवाकडी पडलेली चप्पल वाटायची. जागेवर नेऊन ठेवल्याशिवाय चैन पडायचं नाही. म्हणून सहा वर्षांच्या स्वानंदीचा अख्खा मे महिना तिने एप्रिलमध्येच भरून टाकला. सकाळी पोहणं, मग चित्रकला, दुपारी अबॅकस, उन्हं उतरली की स्केटिंग. त्यासाठी बँकेतून पंधरा दिवसांची रजाही काढली. तिचा नवरा आल्हाद सातपूरला कारखान्यात पाळ्या करायचा. "अगं, पोरीला जरा कंटाळू तर दे," तो म्हणाला. पण त्याचं ऐकतं कोण?

बाकीचं रेटून नेता आलं, घोडं अडलं ते पोहण्यापाशी. तलावावरची इतर पोरं चौथ्या दिवसापासून धडाधड उड्या मारत होती आणि स्वानंदी दहाव्या दिवशीही शिडीला घट्ट धरून उभी होती. पाणी गुडघ्याच्या वर गेलं की रडायला सुरुवात. मृण्मयीला स्वतःला पोहता येत नव्हतं. लहानपणी मामाच्या विहिरीवर सगळी भावंडं पाण्यात असायची आणि ही काठावर त्यांचे कपडे सांभाळत बसायची. ते तिला अजून सलायचं. लेकीच्या वाट्याला तसं काही येऊ नये, एवढंच तिला हवं होतं. म्हणून पोहायला शिकवणाऱ्या सरांच्या मागोमाग तीही काठाकाठाने फिरायची. "पाय मार. श्वास धर. घाबरू नकोस." उंटावरून शेळ्या हाकणं कशाला म्हणतात, ते तिथे येऊन पाहावं. पी हळद नि हो गोरी, असं पोहणं येत नसतं, हे तिलाही कळत होतं. पण बॅच संपायला पाचच दिवस उरले होते.

अकराव्या दिवशी बँकेतून फोन आला, दोन तास येऊन जा म्हणून. पोहण्याचा एक दिवस बुडणार याची हळहळ करत तिने स्वानंदीला पंचवटीत सासऱ्यांकडे सोडलं. बाळाजी रामकुंडावरचे उपाध्ये. "मी घाटावर नेतो तिला. तू निवांत जा," ते म्हणाले. निवांत जाणं तिच्या रक्तातच नव्हतं. काम कसंबसं उरकून ती रिक्षाने थेट घाटावर आली.

बाळाजी नदीकडे पाठ करून एका यजमानाला संकल्प सांगत बसले होते. आणि त्यांच्या मागे, गळ्याएवढ्या पाण्यात, पाठीला रिकामा प्लॅस्टिकचा डबा बांधून स्वानंदी हातपाय मारत होती. चांगली पुढे सरकत होती, हसतही होती.

ते हसू मृण्मयीला दिसलंच नाही. ती जिवाच्या आकांताने ओरडली. पोर दचकली, तिने मान वळवली, नाकातोंडात पाणी गेलं आणि चालते हात थांबले. पायरीवर बसलेल्या निवृत्तीने हातातली दोरी ओढून तिला शांतपणे काठाला घेतलं. दोरीचं दुसरं टोक तिच्या कमरेला होतं. तीस वर्षं हा माणूस घाटावरच्या पोरांना असंच पोहायला शिकवत होता.

"ताई, दोर माझ्या हातात हाय," तो म्हणाला. "पोर बुडत नव्हती. तुमच्या हाकेनं बुडाली."

मृण्मयी संतापली. संकल्प पुरा करून बाळाजी उठले, तेव्हा ती त्यांच्यावरच घसरली. "बाबा, तुमचं लक्ष तरी होतं का? मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस," ते म्हणाले आणि पंचाने नातीचं डोकं पुसू लागले.

रिक्षात स्वानंदी आईला टेकून बसली. मग म्हणाली, "आई, तू बघत असलीस ना, की मला वाटतं, आता काहीतरी होणार."

 मृण्मयीला रडू येत होतं आणि रागही, आणि राग नेमका कुणाचा ते ठरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तलावावर तिने स्वानंदीला सरांच्या हवाली केलं. "मी फाटकाबाहेर थांबते," एवढंच म्हणाली. बाहेर कडुनिंबाखाली ती बसली, उठली, पुन्हा बसली. उसाचा रस मागवला आणि अर्धा तसाच ठेवला. आतून शिट्टी वाजली. कुणीतरी पाण्यात पडल्याचा आवाज आला, मग एक मूल रडलं. आपलंच असेल का? ती दोनदा फाटकापाशी गेली, कडीवर हात ठेवला. दोन्ही वेळा परत फिरली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. आयुष्यात इतकं अवघड काम तिने केलं नव्हतं.

तासाभराने स्वानंदी ओल्या केसांनी धावत बाहेर आली. "आई, मी उडी मारली. दोनदा. शिडी न धरता."

"मला बघायचं होतं गं," मृण्मयीच्या तोंडून निघून गेलं.

स्वानंदीने जरा विचार केला. आईचं मन मोडावं, असं तिला वाटत नसावं.

"मला नीट येऊ दे," ती समजुतीने म्हणाली. "मग मी बोलावीन तुला. तोपर्यंत इथेच थांब हं."

बॅच संपायला तीन दिवस होते. तेवढ्यात बोलावणं येईल की नाही, काहीच सांगता येत नव्हतं. मृण्मयी "बरं" म्हणाली.