धाकटीची नटवी माशी

धाकट्या सुनेने माशी आणून गल्ल्यावर ठेवली आणि सासूबाईंनी जवळ न घेताच निकाल दिला.

"ही माशी आहे की मांडवाकडे निघालेली विहीण?"

दुकान गळांचं. वर घर, खाली दुकान आणि मागच्या खोलीत खिडकीपाशी लांब टेबल. त्या टेबलावर खोट्या माश्या बांधायच्या. गळावर दोरा गुंडाळायचा, पीस लावायचं, की झाला किडा. पाण्यावर टाकला की मासा फसतो. बाईंच्या हातची काळी माशी नदीकाठी सगळ्यांना ठाऊक होती. काळा फोम, काळा दोरा, चार पाय, बस्स. नट्टापट्टा नाही. अगदी आईसारखी, असं थोरला मुलगा म्हणायचा, पण आई ऐकत नसेल तेव्हाच.

दाराशेजारच्या फळीवर दुकानाच्या माश्या ओळीने टोचलेल्या. फळीवर असेल तीच माशी दुकानात बांधायची, हा बाईंचा कायदा. यंदा एक जुनी माशी कसर लागून गेली, तिची जागा रिकामी होती, आणि धाकटीला ती हवी होती. या घरात आल्यापासून ती दुसऱ्यांच्याच माश्या बांधत होती. "माझी फळीवर नाही चढली तर मी ते टेबल सोडलं," तिने नवऱ्याला बजावलं होतं. "बसेन बाहेर, गिऱ्हाइकांना दोरी मोजून देत." आणि ती बोलली की करायची. बोलेल ते करणारी घरात आणखी एकच बाई होती, आणि ती आत्ता गल्ल्यावर बसली होती.

माशी मात्र खरंच नटवी होती. फोमवर फोम, त्यावर फोम. रबराचे लवलवणारे पाय, दोन तऱ्हांचे पंख, चमकी, शेपटी आणि पाठीवर हा एवढा भडक नारिंगी उंचवटा.

"डोळे छान उतरलेत गं," थोरली सून म्हणाली. "पण भुवया कशाला?"

"अशी एक बांधून होईपर्यंत नदीतले मासे म्हातारे होतील," थोरला म्हणाला.

दातांचे डॉक्टर दुकानातच उभे होते. दर सुट्टीला गळ टाकायचे आणि दर सुट्टीला रिकाम्या हाताने परतायचे. ते म्हणाले, "वा! हिला पाण्यात टाकायचं पाप मी करणार नाही. टोपीला लावीन."

"ऐकलंस?" बाई धाकटीला म्हणाल्या. "कौतुक कोणाकडून मिळतंय ते बघ. आधी तो नारिंगी डोंगर उतरव पाठीवरून."

"बाकी काय हवं ते काढा, आई," धाकटी म्हणाली. "तो राहू द्या."

"का?"

धाकटी माशीचे पाय सरळ करायला लागली. कान तेवढे लाल झाले.

मग परीक्षा. तोही बाईंचाच कायदा. दोन स्टुलांवर काचेचं पसरट भांडं ठेवायचं, पाणी भरायचं, माशी सोडायची आणि जमिनीवर उताणं पडून खालून बघायचं. माणसाला काय वाटतं ते गेलं खड्ड्यात, माशाला काय दिसतं ते बघायचं. पूर्वी बाई स्वतः आडव्या व्हायच्या. हल्ली गुडघ्यांनी दगा दिला म्हणत हे काम थोरल्याकडे आलं होतं. नदीवर जाणंही त्या गुडघ्यांपायीच सुटलं होतं.

थोरला आडवा झाला. "खालून बरी दिसते की!"

"तुला काय, कालचं शिळंही बरं लागतं. ऊठ तिथून."

आणि कोणी काही बोलायच्या आत बाईंनी पदर खोचला आणि स्वतःच भांड्याखाली जाऊन आडव्या झाल्या. वर पाहिलं. भुवया नव्हत्या. चमकी नव्हती. नारिंगी डोंगर नव्हता. काळंभोर साधं पोट आणि चार पाय.

"अगं चोरटे! ही तर माझी माशी!" असं म्हणत बाई ताडकन उठून उभ्या राहिल्या.

सगळे माशी सोडून बाईंच्या गुडघ्यांकडे बघायला लागले.

"आई," थोरला म्हणाला, "तुझे गुडघे..."

"माश्यांचं चाललंय, त्यात गुडघे कुठून आले?" बाई कडाडल्या. पण आवाज नेहमीइतका चढला नाही.

"पोट तुमचंच ठेवलं," धाकटी खाली बघत म्हणाली. "मासे त्यालाच भुलतात. पाठ तुमच्यासाठी केली. पाण्यावर काळी माशी तुम्हाला दिसत नाही, म्हणून तुम्ही नदीवर येत नाही. नारिंगी लांबूनही दिसेल."

डॉक्टरांनी उगाच एक रीळ उचलून निरखायला घेतलं. बाईंनी माशी पाण्यातून काढून तळहातावर घेतली.

"आणि भुवया? त्याही माझ्यासाठीच का?"

"त्या... हौस म्हणून."

आधी थोरली फिसकन हसली, मग सगळेच. बाईंनी कात्री घेतली. भुवया गेल्या, चमकी गेली, पंख गेले, शेपटीही गेली. कात्री नारिंगीपाशी आली आणि थांबली.

"गळाची काठी काढा माझी. फळीवर चढायचंय ना हिला? आधी पाण्यात उतरू दे."

नदीवर बाईंनी दोरी फेकली. मनगट काही विसरलं नव्हतं. धारेच्या पार पलीकडे नारिंगी ठिपका टेकला आणि डुलत डुलत निघाला.

"दिसते गं!" बाई ओरडल्या. "अगं, ती बघ, दगडाला वळसा घातला! ती बघ, ती बघ... गेली! बुडाली! गोंद जास्त लागून जड झालीय..."

"आई, मासा आहे! ओढा!"

बाईंनी ओढलं तोवर दोरी सैल पडली होती. बघण्याच्या नादात ओढायचंच राहून गेलं. मागे उभे असलेले डॉक्टर खो खो हसले.

"तुम्ही नका हसू," बाई मागे न वळता म्हणाल्या. "तुमच्याकडे सुटून जायला तरी कधी मासा आलाय का?"

घरी आल्यावर बाईंनी ती ओली माशी स्वतःच्या हाताने फळीवर टोचली, काळीच्या शेजारी. जरा लांब जाऊन पाहिली. तिथूनही दिसत होती.

"उद्यापासून हीच बांधायची," त्या धाकटीला म्हणाल्या. "पहिली माझ्या डबीत. आणि हे बघ, भुवयांवाली एक त्या डॉक्टरलाही बांधून दे. बिचाऱ्याची टोपी तरी सजेल."