गोगलगायीचा चिमटा

“रोज संध्याकाळी काढून डब्यात टाकते, अन् रोज सकाळी हा चिमटा परत दोरीवर हजर! आता राखणीला बसू का इथं?” झाडू मारणाऱ्या मावशी माझ्यासमोर उभ्या राहून पुटपुटल्या.

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे, पण खडूने लिहायचा नव्हे. आधी मी एका कपाटाचं दार होतो. आत कोंबलेला पसारा झाकायचा आणि बाहेरून नीटनेटकं दिसायचं, एवढंच माझं काम. कपाट मोडीत निघालं तेव्हा चौथीच्या बाईंनी सुताराकडून मला रंधा मारून घेतला. माझ्यावर चार आडव्या दोऱ्या ताणल्या आणि प्रत्येक दोरीच्या टोकाला एक चेहरा चिकटवला: हसरा, गप्प, रागावलेला, रडका. प्रत्येक मुलाला कपडे वाळत घालायचा एक लाकडी चिमटा मिळाला. त्यावर ज्याने त्याने आपली खूण काढली. सकाळी आलं की आपलं मन जसं असेल त्या दोरीवर चिमटा लावायचा. म्हणून मी मुलांना अजून त्यांच्या खुणांनीच ओळखतो.

ते दिवस सुखाचे होते. रागावलेल्या दोरीवर पतंग दिसला की बाई पुस्तक मिटून त्याच्याशेजारी बसायच्या. “काय रे, आज कुणावर तोफ डागायचीय?” पतंग आधी फुरंगटायचा, मग भडाभडा सांगून मोकळा व्हायचा. पाहुणे येत, माझं कौतुक करत. मी फुगलो. लाकूड पावसाळ्यात फुगतं, मी बारा महिने फुगलो.

एकदा सगळेच चिमटे हसऱ्या दोरीवर आले. मोठ्या बाई हरखल्या, “वर्ग असावा तर असा!” दुसऱ्याच दिवशी बाईंनी माझ्या माथ्यावर कागदाची एक पट्टी लावली. सगळे चिमटे हसरे, तर तिच्यावर एक चांदणी. पाच चांदण्या झाल्या की एक तास मैदानावर खेळ. हेतू चांगलाच होता. पण त्या दिवसापासून मी पुन्हा कपाटाचं दार झालो. मुलं डोळे पुसत यायची आणि चिमटा हसऱ्या दोरीला लावायची.

चार चांदण्या झाल्या होत्या. त्या सकाळी गोगलगायीने आपला चिमटा रडक्या दोरीवर लावला. तिचा एक हात पोटावर होता.

“ए, घात केलास की!” मुलं ओरडली. “आजच्या दिवस हस ना गं!”

ती बाकावर डोकं टेकून बसली. तिची जिवलग मैत्रीण, छत्रीच्या खुणेची, हळूच माझ्यापाशी आली आणि तिने तो चिमटा हसऱ्या दोरीवर सरकवला. पाचवी चांदणी लागली. ऐन खेळात गोगलगाय मैदानावर कोसळली. तिला दवाखान्यात नेलं. ती परत आली नाही.

“ती गावाला गेलीय,” मोठ्या बाईंनी वर्गाला सांगितलं, आणि बाहेर बाईंना बजावलं, “विषय काढू नका. मुलं विसरतात.”

मुलं कुठली विसरतात! तिच्या बाकाकडे कुणी पाहत नसे, म्हणजेच सगळ्यांचं चित्त तिथेच असे. हजेरी घेताना बाई एका नावापाशी थबकत आणि पुढचं नाव घेत. आणि तिचा चिमटा मात्र रोज सकाळी रडक्या दोरीवर. “तीच येते,” मुलं कुजबुजायची. “सगळ्यांच्या आधी.”

सगळ्यांच्या आधी छत्री यायची. मावशींचा डबा उपसून तो चिमटा शोधायची, रडक्या दोरीला लावायची आणि माझ्या कानाशी म्हणायची, “लावला गं परत. आता ये ना.” मग स्वतःचा चिमटा हसऱ्या दोरीवर. दिवसेंदिवस ती वाळत चालली होती. हसऱ्या दोरीकडे पाहून कोण विचारणार? मला सगळं ठाऊक होतं, पण दाराला वाचा कुठली!

मित्रांनो, एवढंच मागतो. कुणाला हसरं दिसायची सक्ती करू नका. रडक्या दोरीवर चिमटा दिसला तर तो हलवू नका, ज्याचा आहे त्याच्याजवळ जाऊन बसा.

आज मावशी संध्याकाळऐवजी सकाळीच झाडायला आल्या. त्यांनी चिमट्याला हात घातला तोच दाराआडून छत्री धावत आली. “नका काढू मावशी! मग ती कधीच येणार नाही!”

“अगं लेकरा, गावाला गेलीय ना ती…” मावशींनी नजर चुकवली.

“मी सरकवला होता तिचा चिमटा. तिला रडायचं होतं. माझ्यावर रुसून गेलीय ती.”

उंबऱ्यात बाई उभ्या होत्या, हातात हजेरीपट. त्या आत आल्या, माझ्या माथ्यावरची चांदण्यांची पट्टी त्यांनी ओढून काढली आणि छत्रीसमोर फरशीवरच बसल्या.

“ती गावाला नाही गेली, बाळा. ती मेली. पोटातल्या दुखण्याने मेली, तुझ्यामुळे नाही. आणि तू सरकवायच्या आधी तिचा चिमटा कुठे होता, ते मी पाहिलं होतं. तरी चांदणी लावली.”