संग नव्हे, संघ

मित्रांनो, मी एक जुना संस्कृत शब्दकोश आहे. माझी उमेदीची सारी वर्षे एका छापखान्यात, मुद्रिते तपासणाऱ्या बाईंच्या टेबलावर गेली. शाईच्या बोटांनी माझे कोपरे काळे झाले आहेत. त्या डागांचा मला अभिमान वाटतो.

एकदा एका गुरुजींचे, बौद्ध धर्माची मुलांना ओळख करून देणारे पुस्तक छपाईला आले. गुरुजी निवृत्त शिक्षक. छापखान्याचे मालकही त्यांच्याच हाताखाली शिकलेले. पुस्तकात एक वाक्य होते : ‘संघ हा शब्द संग म्हणजे सोबत यावरून आला.’ बाईंचे पेन तिथेच अडले. त्यांनी मला उघडून पाहिले आणि तडक मालकांना गाठले.

“हे चुकलंय.”

“गुरुजींची चूक तुम्ही काढणार?” मालक म्हणाले. “आज यंत्रावर चढवायचंय पुस्तक.”

“मग मुलं चुकीचंच शिकतील. आणि पान माझ्या नजरेखालून गेलेलं असेल.”

मालकांनी नाइलाजाने गुरुजींना बोलावून घेतले. बाईंनी मला त्यांच्यापुढे उघडून ठेवले. माझ्यात स्पष्ट छापले होते : सम् म्हणजे एकत्र, त्यापुढे हन् हा धातू, त्यावरून संघ, म्हणजे समुदाय.

“हन् म्हणजे मारणं,” गुरुजी हसले. “भिक्षूंच्या नावात हाणामारी कुठून आली, बाई?”

“सम् लागला की अर्थ फिरतो, गुरुजी. घट्ट जुळणं, एकत्र येणं. आणि संग म्हणजे आसक्तीसुद्धा. ती सोडायलाच तर माणूस भिक्षू होतो.”

गुरुजींनी चष्मा पुसला. बोट ठेवून ती नोंद तीनदा वाचली. आता हे मला मिटून बाजूला सारणार, अशी मला धास्ती वाटली.

“तीस वर्षं वर्गात हेच सांगत आलो मी,” ते हळूच म्हणाले. मग बाईंकडून पेन घेऊन त्यांनी ते वाक्य स्वतःच्या हाताने खोडले. “पुढच्या मुलांना तरी नीट कळू दे.”

प्रस्तावनेत त्यांनी बाईंचे आभार मानले आणि खालच्याच ओळीत माझे. असा मान किती कोशांना मिळतो?

आता शब्द फोनवर सापडतात. मी महिनोन्महिने मिटलेला असतो. मित्रांनो, माझ्यावरची धूळ झटका, पाने दुमडू नका, एवढे तर मी मागतोच. पण आपले म्हणणे खोटे ठरेल या भीतीने मला उघडायचे टाळू नका.