डोळ्यांखालचा रंग

“झाकू नका ती,” साहेबांचा सचिव म्हणाला. “उलट जरा ठळक करा.”

मेकअपवाल्या बाईंचा हात हवेतच थांबला. डोळ्यांखालची काळी वर्तुळं झाकण्यात त्यांचा अर्धा जन्म गेला होता. ती वाढवा म्हणणारा हा पहिलाच भेटला. सीमेवर लढाई पेटली होती. संध्याकाळी देशाच्या प्रमुखांचं भाषण सगळीकडे दाखवायचं होतं, आणि त्याचं चित्रीकरण आत्ता सकाळीच उरकून घ्यायचं होतं. खुर्चीतले साहेब चांगले ताजेतवाने दिसत होते. जागरण झालेली कातडी कशी असते, हे बाईंना कुणी शिकवायला नको होतं. पण आपल्याला काय करायचंय, असं म्हणून त्यांनी बोटावर तपकिरी रंग घेतला.

साहेब बोलायला मोठे गोड.

“घरी कोण असतं, बाई?”

“मुलगा. एकुलता एक आहे, साहेब.”

“मग भरतीला पाठवणार ना?”

“नाही, साहेब. एकच आहे. मी नाही पाठवायची.”

साहेब हसले आणि सचिवाकडे वळून हळूच काहीतरी म्हणाले. बाईंच्या मनात पाल चुकचुकली. नोकरीवर येतंय की काय, एवढंच त्यांना वाटलं.

कॅमेरा सुरू झाला.

“आज सकाळीच मला एक आई भेटली,” साहेब म्हणाले. “म्हणाली, साहेब, एकच आहे, पण देशाला लागला तर तोही घेऊन जा.”

इथे त्यांचा आवाज थरथरला. दिवा नीट लागला नव्हता म्हणून सगळं पुन्हा घ्यावं लागलं, तेव्हाही नेमका तिथेच थरथरला. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. पण तिथे ब्र काढायची त्यांची हिंमत झाली नाही, आणि घरी येईपर्यंत त्या स्वतःलाच शिव्या घालत राहिल्या.

संध्याकाळी टीव्हीसमोर बसलेल्या पोराचे डोळे भरून आले होते.

“अशीही आई असते बघ,” तो म्हणाला. “मी उद्या भरतीला जातोय.”

“ती आई मीच आहे,” बाई म्हणाल्या. “आणि मी ‘नाही’ म्हणाले होते.”

पोराने मान वळवून त्यांच्याकडे संशयाने पाहिलं.

“मला अडवायला तू काय वाट्टेल ते सांगशील, आई.”

“मी तुझ्याशी कधी खोटं बोलले?”

“आणि ते बोलतील? त्यांचे डोळे बघ जरा. किती रात्री झोपले नसतील ते. असा माणूस खोटं बोलेल?”

बाई वाद घालायच्या थांबल्या. त्यांनी कामाची पेटी उघडली आणि पोराला दिव्याखाली बसवलं. दुपारभर घोरत पडलेला तो गडी कुरकुरत बसला. बोटाच्या टोकाने त्यांनी त्याच्या डोळ्यांखाली रंग लावला, कडा पुसट केल्या आणि आरसा त्याच्या हातात दिला.

आरशात कितीतरी रात्री न झोपलेला एक माणूस होता. पोराने डोळ्याखालून बोट फिरवलं आणि त्याला लागलेल्या तपकिरी रंगाकडे पाहिलं.

“भाषण दोनदा घेतलं, आणि आवाज दोन्ही वेळा एकाच जागी थरथरला,” बाई म्हणाल्या.

टीव्हीवर भाषण पुन्हा लागलं होतं. आई भेटल्याची गोष्ट जवळ आली, तसा तो पुढे सरकून बसला. आवाज कुठे थरथरतो ते ऐकायला.