डुकराचा दंड

सामोआ-टोंगा रग्बी सामन्याच्या सकाळी सामोआतल्या आमच्या गावच्या पंचांनी फतवा काढला: टोंगासाठी जो ओरडेल, त्याने गावाला डुक्कर द्यायचं. निम्म्या घरांत टोंगाच्या सुना, पण रग्बीच्या दिवशी आमच्या शूरवीरांना त्या शत्रू वाटतात. फतव्याची कल्पना होती पंचांतल्या तुइआसाउकाकांची. विजयाच्या मेजवानीसाठी त्यांनी स्वतःचं डुक्करही पोसलं होतं.

त्यांची बायको मेलेआनेकाकू टोंगाची. ऑकलंडला वाढलेल्या त्यांच्या नातवाला, विलीला, आपल्या सामोआच्या संघाने घेतलं नाही, म्हणून तो आजीच्या नात्याने टोंगाकडून खेळत होता.

"टोंगाचं रक्त ते, काय दिवे लावणार!" टीव्हीसमोर जमलेल्या गावापुढे काकांची टकळी चालूच. काकू शहाळं पीत होत्या.

शेवटच्या मिनिटाला विलीने आपल्या तिघांना लोळवलं आणि चेंडूसकट रेषेपलीकडे झेपावला. टोंगा जिंकलं.

"माझा नातू! आमच्या घराण्याचं रक्त!" काका उठून नाचायलाच लागले. सगळं गाव त्यांच्याकडे बघत राहिलं.

काकूंनी शहाळं खाली ठेवलं.

"अहो, रक्त कुणाचं ते नंतर ठरवा. आधी दंडाचं डुक्कर द्या. विजयासाठी पोसलंय ना, तेच चालेल. विजय झालाय."