मामीच्या भोपळ्यापर्यंतचा माग

सोनोराच्या रेताड मुलखात तिबुर्सिओमामासारखा हरणाचा माग काढणारा दुसरा नाही, असं सगळे म्हणत. म्हणजे मामा म्हणायचा, बाकीचे कंटाळून मान डोलवायचे. यंदा मात्र लांबलांबचे डोंगर पालथे घालून आठ दिवस झाले, तरी त्याच्या बंदुकीतून एकही गोळी सुटली नव्हती.

"एक दिवस मला पुढे चालू दे, मामा," सोळा वर्षांची नोएमी म्हणाली.

मामाने टोपी मागे सारली. "चाल की. दिवस मावळायच्या आत शिंगवाला नर डोळ्यांनी दाखव, मग अख्खा हंगाम तू पुढे. नाही जमलं, तर उद्यापासून मामीच्या हाताखाली रोट्या थापायच्या. बंदुकीचा विषय बंद."

"नुसता दाखवायचा ना?"

"आधी दाखव तरी. आणि त्याचं नाव घेऊ नकोस."

शिकारीच्या हंगामात घरातल्या बाईने हरणाचं नाव काढलं की हरीण पळतं, हा मामाच्या घरचा नियम. नोएमीच्या मते शुद्ध खुळेपणा. पण रोट्या थापण्यापेक्षा गप्प बसणं परवडलं.

दहाच्या सुमारास ओढ्याच्या कोरड्या पात्रात तिला माग सापडला. बोटभर खोल खुरांचे ठसे, पुढचा डावा जरा बाहेर फाकलेला. माग जाईल तिकडे ती गेली, खडकांवरून, घळींतून, निवडुंगाच्या रानातून. निवडुंगाचा एक काटेरी गोळा मामाच्या विजारीला मागून चिकटला आणि तिथेच राहिला, कारण काढायला भाचीला सांगावं लागलं असतं.

दुपार कलली तसा माग वळला, टेकडी उतरला आणि सरळ घराच्या वाटेला लागला.

"शाब्बास," मामा म्हणाला. "दिवसभर आपल्याच गाढवामागे फिरवलंस. चल, मामीने पीठ भिजवलं असेल."

"गाढवाचा खूर दुभंगलेला असतो होय?"

"मग वासरू असेल."

तिने कुंपणाच्या तारेकडे बोट दाखवलं. अलीकडे चार खोल ठसे, पलीकडे चार. "तुझी वासरं उड्या मारतात वाटतं."

मामाने खांद्यावरची बंदूक हातात घेतली.

स्वयंपाकघरामागे, सूर्य अजून हातभर वर असताना, झाडाएवढी शिंगं मिरवत नर उभा होता आणि मामीचा भोपळा खात होता. चार पावलांवर त्रान्सितोमामी राजमा निवडत बसली होती. मामाने बंदूक खांद्याला लावली. नराच्या डोक्यामागे बरोब्बर मामीचं डोकं. बंदूक खाली आली. नराने तोंडातला घास संपवला, मामाकडे एकदा पाहिलं आणि कुंपणावरून निघून गेला.

"हा कधीपासून येतोय?" मामाचा आवाज चिरका झाला होता.

"आठ दिवस झाले. रोज याच वेळेला."

"आणि तू बोलली नाहीस?"

"नाव घ्यायचं नाही म्हणालास ना? मी आपली गप्प." मामीने सुपातला खडा उडवला. "मागे काय चिकटलंय तुझ्या?"

दुसऱ्या दिवशी नोएमी पुढे होती, मामा पाण्याचा बुधला घेऊन मागे. दारात तो घुटमळला.

"आज... काही दिसलं का?"

"काय दिसायला हवं होतं?" मामीने विचारलं.

मामाने नोएमीकडे पाहिलं. नोएमी आपल्या बुटांकडे बघत राहिली.

"घे नाव," तो पुटपुटला.

"हरीण," मामी चवीने म्हणाली, "हरीण, हरीण, हरीण," आणि तिने हातातल्या डावाने पूर्वेची घळ दाखवली.