रविवारचा जोडीदार

आमच्या घरात आठवड्याला दोन सुट्ट्या असायच्या, पण प्रत्येक सुट्टी एकेकट्या माणसाला. माझे यजमान हेमचंद्र मोरिवलीच्या कारखान्यात, तिकडचे कारखाने शुक्रवारी बंद, म्हणून त्यांना शुक्रवारी. माझं विम्याचं ऑफिस फोर्टात, म्हणून मला रविवारी. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, पण सणवार सोडले तर नवरा दिवसाउजेडी घरात बसलेला मी पाहिलेला नव्हता. याबद्दल माझी तक्रारही नव्हती. सकाळची कामं उरकली की खिडकीशी कॅरम बोर्ड मांडायचा आणि दोन्ही बाजूंनी आपणच खेळायचं, असा माझा रविवार असायचा.

१९८७ सालच्या त्या रविवाराची गोष्ट मात्र वेगळी होती. सोमवारी ऑफिसच्या महिला कॅरम स्पर्धेची फायनल होती. या स्पर्धेत मी तीनदा दुसरी आले होते. तीनदा! दुसऱ्या नंबराला आमच्याकडे स्टीलचा डबा देतात. एकात रवा आहे, एकात साबुदाणा, तिसऱ्यात हेमचंद्रांनी स्क्रू भरून ठेवलेत. चौथा डबा मला नको होता, कप हवा होता. तिन्ही वेळा एकाच फटक्याने माझा घात केला होता. डाव्या कडेला लागलेली सोंगटी समोरच्या डाव्या पॉकेटमध्ये घालायची असली की माझा नेम हुकायचाच. रविवारी दिवसभर बसून तेवढा एक फटका घटवायचा, असं मी पक्कं ठरवलं होतं. त्यासाठी लेकीला, मीनललाही शनिवारीच बदलापूरला तिच्या आत्याकडे सोडून आले होते.

सकाळी बघते तर बोर्डावर टाकायच्या पावडरची डबी रिकामी. चांगली पावडर मिळते उल्हासनगरला, पाच नंबर कॅम्प म्हणतात त्या वस्तीत. रिक्षा करून गेले. "भाभी, एकदम मक्खन चलेगा," म्हणत तिथल्या सिंधी दुकानदाराने डबी दिली. दहाच्या सुमाराला परत आले आणि दारातच थबकले.

खिडकीशी बोर्ड नव्हता. स्टँडसकट तो टीव्हीसमोर ओढलेला होता आणि त्यावर सगळी दुकानदारी मांडली होती. धाकट्या दिरांनी मस्कतहून आणलेला, टीव्हीला जोडायचा रबरी बटणांचा कॉम्प्युटर, टेपरेकॉर्डर, तापलेला अडॅप्टर, उघडं इंग्रजी मासिक आणि चहाचा कप. माझ्या बोर्डावर चहाचा कप! खाली बशीसुद्धा नाही!

"तुम्ही कामावर नाही गेलात?"

"रजा टाकली," हेमचंद्र टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले. "शुक्रवारी दिवसभर लाइट नव्हती ना."

ते खरं होतं. शुक्रवारी कारखाने बंद, म्हणून तारांची कामं शुक्रवारीच काढतात, आणि या माणसाला आपलं यंत्र चालवायला तोच एक दिवस मिळतो. मला त्यांची कीव आली असती. पण त्यासाठी माझा रविवार कशाला?

"अहो, बोर्ड मोकळा करा. उद्या माझी फायनल आहे."

"हलवू नकोस!" ते ओरडलेच. "पिन सैल आहे. जरा हललं तर मासिकातून टाइप केलेल्या दोनशे ओळी जातील."

"मग जमिनीवर मांडा."

"वायर पुरत नाही. आणि ही उंची अगदी बरोबर आहे. तासाभराचं काम आहे, मालिनी."

तासाभराने शेजारचे शशिकांत आले. त्यांचा टीव्ही चार नंबर कॅम्पात दुरुस्तीला टाकलेला होता आणि मॅच बघायची होती. मला हायसं वाटलं. मॅच लागली की टीव्ही सुटेल, टीव्ही सुटला की बोर्ड सुटेल. कसचं काय! दहा मिनिटांत शशिकांतच मासिक हातात धरून मोठ्याने आकडे वाचायला लागले. "तीनशे दहा झालं? अरे हेमू, कॉमा राहिला यार!"

दुपारी दोघांनी बोर्डाच्या कडेला ताटं टेकवून जेवण केलं. मी चरफडत स्वयंपाकघरात गेले आणि ओट्यावरच सोंगट्या मांडून बघितल्या. पहिल्याच फटक्याला स्ट्रायकर खरकट्या भांड्यांत पडला.

"वहिनी, पाच मिनिटं फक्त," असं शशिकांत भावजींनी मला चार वेळा सांगितलं. पाच वाजता ते एकदाचे गेले. तेवढ्यात हेमचंद्रांनी हाक मारली, "मालिनी, ये. बस इथे."

टीव्हीवर एक चौकोन होता. चार कोपऱ्यांत चार काळे ठोकळे आणि मध्ये टिंबं.

"हे काय आहे?"

"कॅरम! मासिकात बिलियर्ड्स होतं, त्यात फेरफार करून कॅरम केलं. तू रविवारी दोन्ही बाजूंनी एकटीच खेळतेस ना? आता हा तुझ्याशी खेळेल. उद्या फायनल आहे, म्हणून तर आज रजा टाकली."

राग कुठे ठेवावा मला कळेना. म्हणजे यांना फायनल माहीत होती. माझं एकटीचं खेळणंही माहीत होतं. त्या यंत्राने दोन मिनिटं विचार केला आणि आपलाच स्ट्रायकर पॉकेटमध्ये घातला.

"अहो," मी म्हटलं, "आज रविवार आहे आणि तुम्ही घरात आहात. मग त्याला कशाला खेळायला सांगता? तुम्ही बसा ना समोर!"

खरोखरच हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. मग टेपरेकॉर्डरकडे बघत चाचरत म्हणाले, "बंद करायच्या आधी हे सगळं कॅसेटवर उतरवायला अर्धा तास तरी लागेल. एकदोनदा चुकतंच."

मी नुसतं घड्याळाकडे बघितलं. त्यांनी मान हलवली आणि बटण बंद केलं. सकाळपासून टाइप केलेलं सगळं गेलं.

बोर्डावरचा चहाचा डाग मी ओल्या फडक्याने पुसला, कोरडा केला, पावडर टाकली. ते समोर बसले. मी पहिला फटका मारला तर हे बघतच राहिले.

"तू डावखुरी आहेस?"

"कॅरममध्ये. लहानपणापासून."

"मला माहीतच नव्हतं."

चौदा वर्षं! मला रडू फुटणार होतं, पण खेळताना मी रडत नाही. त्यांचा खेळ तर विचारूच नका. त्या कॉम्प्युटरला निदान विचार तरी करता येत होता. तिसऱ्या डावात डाव्या कडेची सोंगटी आली. मी मारली आणि नेहमीसारखी हुकली.

"कोपर उचलतेस," ते म्हणाले.

"काय?"

"या एकाच फटक्याला उचलतेस. बाकी कधी नाही."

कारखान्यात माल तपासायचं काम यांचं. दिवसभर प्रत्येक तुकडा हातात घेऊन खोट शोधायची. "चौदा वर्षांत पहिल्यांदा बघताय," मी कडाडले, "आणि लगेच चूक काढलीत!"

"काढली नाही. दिसली."

मी रागारागाने कोपर खाली दाबून तोच फटका मारला. सोंगटी गेली. मेली सरळ आत गेली. यांनी ती बाहेर काढली आणि पुन्हा त्याच जागी ठेवली. रात्री जेवायची वेळ टळून गेली तरी ते तीच सोंगटी तिथेच ठेवत होते.

सोमवारी घरी यायला मला साडेआठ झाले. कॉम्प्युटर इस्त्रीच्या टेबलावर मांडलेला होता. खालची माझी साडीसुद्धा काढलेली नव्हती. हेमचंद्र उठून पुढे आले. जिंकलीस का, असं त्यांनी विचारलंच नाही.

"कोपर?"

"खाली," मी म्हटलं आणि पिशवीतून कप काढून त्यांच्या हातात दिला.